केसांचा टोप निवडताना

(रुग्णालयाच्या वार्षिक स्नेहमेळाव्यात व्यवस्थापकांनी केलेल्या भाषणाची संहिता)



दरवर्षी या व्यासपीठावरून आम्ही खाटांची संख्या, शस्त्रक्रियांची संख्या आणि जमाखर्चाचा गोषवारा सादर करतो. ते आकडे अहवालाच्या पुढील पानांत छापलेले आहेत. त्यांचे पुन्हा वाचन करून आपला वेळ घेत नाही. आज ज्या विषयावर बोलावयाचे आहे तो ऐकून आपल्यापैकी काहींना आश्चर्य वाटेल. ज्या स्त्रियांचे केस आजाराने गेले आहेत किंवा विरळ झाले आहेत, त्यांच्यासाठी केसांचा टोप कसा निवडावा, हा तो विषय होय. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. आमच्या स्वतःच्या डोक्यावरचे छप्पर चाळिशीतच उडाले आणि त्याबद्दल कोणी साधी चौकशीही केली नाही. तेव्हा या विषयावर बोलण्याचा आमचा अधिकार एवढाच की, यात आमच्या हातून एक मोठी चूक घडली आणि ती आमच्याच नोंदवहीत अत्यंत सुवाच्य अक्षरांत नोंदलेली आहे.

काही वर्षांपूर्वी एका कुटुंबाने मातोश्रींच्या स्मरणार्थ आपल्या रुग्णालयास देणगी दिली. केमोथेरपी घेणाऱ्या गरजू स्त्रियांना केसांचे टोप द्यावेत, अशी त्यांची इच्छा होती. आम्ही रीतसर तीन दरपत्रके मागविली, सर्वांत कमी दराचे स्वीकारले आणि दोन डझन टोप खरेदी केले. सर्व एकाच मापाचे, एकाच लांबीचे, खांद्यापर्यंत येणारे आणि काळेभोर. डेडस्टॉक रजिस्टरात नोंद झाली, वाटपाच्या रकान्यात सह्या व अंगठे आले, शिल्लक शून्य झाली. लेखापरीक्षकांनी एकच आक्षेप घेतला, तो म्हणजे हा खर्च कोणत्या शीर्षाखाली दाखवावयाचा. आम्ही तो ‘किरकोळ’मध्ये टाकला. देणगीदारांना आभाराचे पत्र गेले. प्रकरण संपले, असे आम्ही समजलो.

त्यानंतर साठी ओलांडलेल्या एक बाई तिसऱ्या डोसला आल्या नाहीत. स्तनाचा कर्करोग, शस्त्रक्रिया उत्तम झालेली, पहिले दोन डोस सोसलेले. पैशाची अडचण नव्हती. उपचार सरकारी योजनेतून चालू होते. दोन वेळा दूरध्वनी केला, तेव्हा घरच्यांनी ‘येतो’ म्हणून सांगितले. अखेर आमच्या समाजसेविका त्यांच्या घरी गेल्या. बाई माजघरात बसून होत्या. पंधरा दिवस त्या अंगणातल्या तुळशीपर्यंतही गेल्या नव्हत्या. आम्ही दिलेला टोप प्लास्टिकच्या पिशवीसह खुंटीला टांगलेला होता. समाजसेविकेने विचारले तेव्हा त्या म्हणाल्या, “हा घालून देवळात गेले तर बायका विचारतील, नाटकात काम धरलंत का?” मग बऱ्याच वेळाने म्हणाल्या, “आमच्या आजेसासूबाईंना मी अलवणात पाहिलंय. आरशात पाहिलं की त्याच दिसतात. आणि हे तर समोर धडधाकट बसलेत.”

हे वाक्य समाजसेविकेने आम्हांस कार्यालयात येऊन सांगितले, तेव्हा आमच्या टेबलावर तेच रजिस्टर होते. त्यात बाईंच्या नावापुढे ‘मिळाला’ असे लिहिलेले होते.

आपल्याकडे स्त्रीच्या मस्तकावर केस नसणे याला एक जुना, निर्दय अर्थ चिकटलेला आहे. १८९० साली मुंबईतील नाभिक बांधवांनी सभा भरवून विधवांचे केशवपन करण्यास नकार दिला. त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांची प्रेरणा होती. त्या घटनेला सव्वाशेहून अधिक वर्षे लोटली, रूढीही गेली. परंतु अलवणातल्या त्या वृद्ध स्त्रियांना डोळ्यांनी पाहिलेली पिढी अद्याप आपल्यात आहे आणि हीच पिढी आज कर्करोगाच्या उपचारांसाठी आपल्या दारी येते. पुरुषाच्या टकलाला विनोद चिकटतो. स्त्रीच्या मोकळ्या मस्तकाला काय चिकटते, ते त्या बाईंनी सांगितले. तेव्हा ‘जीव वाचतो आहे, केसांचे काय घेऊन बसलात’ असे जे आपण सहज बोलून जातो, ते यापुढे या वास्तूत कोणी बोलू नये, अशी आमची सर्व कर्मचाऱ्यांना विनंती आहे. आम्ही स्वतः ते बोललेलो आहोत.

त्या बाई परत आल्या. डॉक्टरांनी त्यांच्याशी शांतपणे बोलून उपचार पुन्हा सुरू केले. मध्ये कित्येक आठवडे वाया गेले होते. त्या विलंबाची किंमत कोणत्या शीर्षाखाली दाखवावी, हे आम्हांस अजून कळलेले नाही.

यानंतर आम्ही उरलेल्या तेवीस जणींची विचारपूस करविली. बहुतेक टोप पेटीत, कपाटात किंवा माळ्यावर होते. कारणे ऐकण्यासारखी होती. एकीला तो सैल होता. पदर डोक्यावर घेतला की पदराबरोबर मागे सरके. एकीला इतका घट्ट की, कपाळावर वळ उठत. एकीचे केस आजारापूर्वी निम्मे पांढरे होते. काळाभोर टोप घातल्यावर नातवाने तिला ओळखले नाही आणि तो रडू लागला. शेतावर जाणाऱ्या एकीला उन्हात तो घोंगडी पांघरल्यासारखा वाटे. आणि एक भगिनी चुलीवर भाकरी करीत असताना फुंकर घालावयास वाकल्या, तेव्हा कपाळावरची झुलपे क्षणात आखडून त्यांच्या गाठी झाल्या. कृत्रिम धागा हा अखेर प्लास्टिकच्या जातीचा. त्याला आच सोसत नाही. सुदैवाने इजा झाली नाही. पण टोप देताना ‘घरी चूल आहे की गॅस’ एवढे विचारण्याची बुद्धी आम्हांस झाली नव्हती.

येथे जयपूर फूटची आठवण होते. १९६८ च्या सुमारास जयपूर येथे डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी तो पाय तयार केला. परदेशी बनावटीचा पाय बुटात घालून खुर्चीवर बसणाऱ्यासाठी होता. आपल्या माणसाला उकिडवे बसावे लागते, मांडी घालावी लागते, अनवाणी चिखलात उतरावे लागते. हे ज्यांच्या लक्षात आले, त्यांचा पाय लोकांनी वापरला. टोपाचेही तसेच आहे. स्वयंपाकघर, पदर, ऊन, घाम, देऊळ, एस.टी.तील गर्दी या सर्वांतून तो जावयाचा असतो. त्यानंतर हा खर्च आम्ही ‘किरकोळ’मधून काढून कुबड्या व कृत्रिम अवयवांच्या शेजारी नेऊन ठेवला. आमच्या हाती असलेली सुधारणा प्रथम आम्ही केली. बाकीचे आम्हांस परिचारिका, समाजसेविका, त्वचारोगतज्ज्ञ आणि नाटकांची केशभूषा करणारे एक अनुभवी गृहस्थ यांनी शिकविले.

शिकलो त्यातील पहिली गोष्ट अशी की, केस गळणाऱ्या प्रत्येक स्त्रीला टोपाची गरज नसते. मस्तकावर साधारण एक लाख केस असतात आणि निरोगी माणसाचेही दिवसाला पन्नास ते शंभर केस गळतात. बाळंतपण, टायफॉईड, डेंग्यू, मोठी शस्त्रक्रिया यांनंतर दोन-तीन महिन्यांनी मूठमूठ केस जाऊ लागतात आणि घरात घबराट उडते; हे गळणे बहुधा काही महिन्यांत आपोआप थांबते व केस परत येतात. अंगात लोह कमी असेल किंवा थायरॉईडचा विकार असेल, तर उपाय त्या मूळ कारणावर करावयाचा. चाई पडली असेल तर त्यावरही उपचार आहेत. वयानुसार भांग रुंदावत जातो, तेथे औषध दीर्घकाळ घ्यावे लागते आणि ते लवकर सुरू केलेले बरे. म्हणून आमच्या कक्षात टोपाची चौकशी करणाऱ्या भगिनीस प्रथम त्वचारोग विभागात पाठविले जाते. यावर एका पुरवठादाराने आमच्याकडे नाराजी व्यक्त केली. ती आम्ही नोंदवून घेतली.

केवळ भांगेच्या जागी विरळपणा असेल तर पूर्ण टोप कशाला? माथ्यापुरता छोटा तुकडा मिळतो; बाजारात त्यास टॉपर म्हणतात. तो चिमट्यांनी स्वतःच्या केसांत अडकवितात. मात्र चिमटे धरून ठेवण्याइतके केस भोवती सशक्त असावे लागतात. गंगावनाचेही तसेच. आपल्या आज्या-पणज्या गंगावन लावून वेणी घालीत, अंबाडा बांधीत. त्यात कमीपणा कोणी मानला नाही. परंतु अशक्त केसांना जड गंगावन रोज घट्ट बांधले तर ओढ बसून उरलेलेही जातात. केमोथेरपी चालू असलेल्या भगिनीस चिमट्याचे काहीच उपयोगी नाही. तिला आतून मऊ असलेला पूर्ण टोपच हवा.

आता वेळेविषयी. आमची सर्वांत मोठी चूक येथेच होती. आम्ही टोप देत असू तो केस गेल्यानंतर. केस गळविणाऱ्या औषधांचा पहिला डोस झाल्यावर साधारण दोन ते तीन आठवड्यांत केस जाऊ लागतात. सर्वच औषधांनी ते जातात असे नाही, म्हणून आपल्या औषधाने जाणार की नाही, हे डॉक्टरांना आधीच विचारावे. जाणार असतील तर टोपाची निवड पहिल्या डोसपूर्वी व्हावी. तेव्हा तिचे केस तिच्या मस्तकावर असतात. रंग, वळण, भांग उजवीकडे की मध्ये, कपाळावर केस कोठून सुरू होतात, हे समोर दिसते. आम्ही आता त्या दिवशी तिच्या संमतीने समोरून, दोन्ही बाजूंनी आणि मागून छायाचित्रे काढून ठेवतो. तिच्याच केसांची एक बट दोऱ्याने बांधून रंगाच्या जुळणीसाठी ठेवतो. आणखी एक लाभ आम्ही धरला नव्हता तो झाला. टोप निवडून ठेवलेली स्त्री केस हातात येऊ लागले की घाबरते, पण कोसळत नाही, असे परिचारिका सांगतात.

गळती सुरू झाल्यावर पुष्कळ जणी केस बारीक करून घेणे पसंत करतात. ते कात्रीने किंवा यंत्राने करावे. वस्तरा लावू नये. या काळात रोगप्रतिकारशक्ती घटलेली असते आणि बारीकशा जखमेतूनही जंतुसंसर्गाचे भय असते. हे काम आम्ही येथेच, स्वतंत्र खोलीत, स्त्रीच्या हातून करवून घेतो. कारण सांगण्याची आवश्यकता नसावी.

माप शिंप्याच्या फितीने घ्यावे. कपाळावर केस सुरू होतात तेथून कानांच्या वरून, मागे मानेच्या खळीपर्यंत आणि परत. बहुतेक स्त्रियांचे माप साडेएकवीस ते साडेबावीस इंचांच्या आसपास भरते, पण बहुतेक म्हणजे सर्व नव्हेत. केस गेल्यावर हेच माप थोडे उतरते, म्हणून मागे आकड्याने किंवा पट्टीने कमी-जास्त करता येणारा टोप घ्यावा.

टोप उलटा करून आत पाहावे, हा केशभूषाकारांनी दिलेला मंत्र आम्ही कधी विसरणार नाही. खरेदी करणारा बाहेरचे केस पाहतो आणि वापरणारीला दिवसभर आतली बाजू टोचते. स्वस्त टोपात केसांच्या पट्ट्या यंत्राने शिवलेल्या असतात. त्यातून हवा खेळते, पण शिवण उघड्या त्वचेला घासते. महाग टोपात माथ्यापाशी तलम जाळी असून एकेक केस हाताने गाठलेला असतो. भांग पाडला तर खाली त्वचा असल्यासारखे दिसते. मधला मार्ग असा की, केवळ भांगेपुरती जाळी असलेला टोप घ्यावा आणि आत सुती टोपी घालावी. ती जुन्या मऊ धोतराची घरी शिवलेली असली तरी चालते; घाम टिपते आणि रोज धुता येते. डिंकासारखे चिकट पदार्थ व चिकटपट्ट्या केमोथेरपीच्या काळात टाळाव्यात.

कृत्रिम धागा की मानवी केस, हा प्रश्न सर्वांत अधिक विचारला जातो आणि विचारणाऱ्याच्या मनात बहुधा ‘महाग तेच चांगले’ हे उत्तर आधीच ठरलेले असते. मानवी केसांचा टोप दिसावयास उत्तम, नीट ठेवला तर वर्षभर व अधिक टिकतो; पण तो धुतल्यावर पुन्हा वळण द्यावे लागते आणि किंमत कृत्रिमाच्या कित्येक पट. कृत्रिम धाग्याचा टोप हलका, धुतला तरी वळण सोडीत नाही. रोज वापरला तर सुमारे चार ते सहा महिने चांगला राहतो. केमोथेरपीच्या मोठ्या भागासाठी एवढी मुदत पुरते. उपचार संपल्यावर एक ते तीन महिन्यांत लव दिसू लागते, पुढे केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. पूर्वी सरळ असलेले केस काही काळ कुरळे येतात, तेव्हा नवलही वाटते. म्हणून थोड्या महिन्यांच्या गरजेसाठी कर्ज काढून मानवी केसांचा टोप घेऊ नये, असे आम्ही स्पष्ट सांगतो. ज्यांचे केस परत येण्याची शक्यता नाही, त्यांचा हिशेब निराळा. आणि जिला रोज चुलीपुढे बसावयाचे आहे तिला आम्ही सांगतो की, स्वयंपाकघरात रुमाल, बाहेर टोप. कुकरच्या वाफेनेही धागा बिघडतो.

रंग खिडकीपाशी पाहावा. ट्यूबलाइटखाली सगळे काळे सारखेच. आपल्या केसांहून किंचित फिका टोप चेहऱ्यास खुलतो, गडद टोपाने आजारपणाचा फिकटपणा अधिक उठून दिसतो. पिकलेले केस असतील तर मिश्र रंग मागावा. नव्या टोपात केस गरजेहून दाट असतात आणि नाटकी दिसतात ते त्यामुळेच. केस कापणाऱ्या जाणकार बाईंकडून तो मस्तकावर ठेवूनच विरळ करून, झुलपे कापून घ्यावा. मात्र कापलेला टोप वाढत नाही, हे एकदा सांगावे लागते. हसू नका, आम्हीही विचारले होते.

निगा सोपी आहे. थंड पाणी, सौम्य शांपू, पिळावयाचा नाही, पंचात दाबून पाणी काढावयाचे आणि पालथ्या पातेल्यावर सावलीत वाळवावयाचा. रात्री काढून ठेवावयाचा. गजरा माळावयाचा असेल तर आकडा शिवलेल्या पट्टीत खोचावा, जाळीत नव्हे. गजऱ्याचा प्रश्न एका तरुण भगिनीने विचारला, तेव्हा खोलीतील चार-पाच जणी प्रथमच मोठ्याने हसल्या, असे सिस्टरांनी सांगितले.

आणि निवड कोणी करावयाची? पूर्वी आमच्यापुढे पती बोलत, मुलगा बोले, सूनबाई बोलत. ‘हा चांगला आहे आई, हा घ्या.’ प्रेमापोटीच बोलत. आता निवडीच्या वेळी खोलीत रुग्ण, समाजसेविका आणि रुग्णाने नाव घेऊन बोलावलेली एक व्यक्ती, एवढेच असतात. नमुन्याचे टोप घालून पाहताना प्रत्येकीला नवी आतली टोपी दिली जाते. काही भगिनी सर्व पाहून ‘मला यातले काही नको, मी सुती रुमालच बांधीन’ असे सांगतात. तेही निवड म्हणूनच नोंदविले जाते. ज्या बाईंविषयी आम्ही आरंभी सांगितले, त्यांनी अखेर टोप घेतला नाही. त्यांनी आपल्या जुन्या इरकली लुगड्याचा रुमाल शिवून घेतला, वर पदर घेतला आणि उरलेले सर्व डोस पूर्ण केले.

खर्चाविषयी दोन शब्द सांगणे आमचे कर्तव्य आहे. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ कक खाली २००६ पासून लागू झालेल्या योजनेनुसार धर्मादाय रुग्णालये एकूण देयकाच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करतात आणि दहा टक्के खाटा निर्धन, दहा टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी राखून ठेवतात. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेतून केमोथेरपीचा खर्च भागतो. टोपाचा भार मात्र केवळ देणग्यांवर आहे. यापुढे आम्ही टोप घाऊक खरेदी करणार नाही. नमुन्यादाखल निरनिराळ्या मापांचे व रंगांचे मोजके टोप ठेवू आणि निवड झाल्यावर एकेक मागवू. दर थोडा अधिक पडेल. खरेदी समितीने यास मान्यता दिली, याबद्दल आम्ही तिचे ऋणी आहोत.

केसदान करू इच्छिणाऱ्या भगिनींना विनंती की, कापण्यापूर्वी कार्यालयात चौकशी करावी. टोप बनविणाऱ्यांना साधारण बारा इंच लांबीचे, कोरडे, कापण्याआधीच दोन्ही टोकांना घट्ट बांधलेले केस लागतात आणि एका टोपात अनेक जणींच्या वेण्या खर्ची पडतात. विंचरताना निघालेला गुंतवळ कृपया पाठवू नये. गेल्या वर्षी दोन पिशव्या भरून आला होता आणि तो पाठविणाऱ्या आजींना पत्र कसे लिहावे, या विचारात आमचा एक दिवस गेला.

तूर्त कक्षास एका मोठ्या आरशाची गरज आहे, बैठा, मागून धरता येईल अशा हातातल्या दुसऱ्या आरशासह. शिवणकाम जाणणाऱ्या दोन भगिनी आठवड्यातून एक दुपार सुती टोप्या शिवण्यासाठी देऊ शकल्या, तर बाहेरचा शिलाईखर्च वाचेल. नावे आज सभागृहाच्या दाराशी समाजसेविकांकडे द्यावीत.